शहराचे पक्षी : कानाने घ्यावयाची नोंद

माघ सरत आला आणि उन्हात किंचित धग जाणवू लागली की महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत एक आवाज सुरू होतो. टुक्, टुक्, टुक् असा तो एकसारखा चालू राहतो. लांबवर कोणी धातूच्या भांड्यावर हातोडीचे हलके ठोके देत असावे असे वाटते. आवाज करणारा पक्षी चिमणीहून थोडा मोठा असतो. त्याचे अंग हिरवे, कपाळ व छातीवरील पट्टा तांबडा आणि गळा पिवळा असतो. उंच झाडाच्या शेंड्यावर बसून तो मान इकडून तिकडे वळवितो. त्यामुळे ठोके कधी जवळून, तर कधी दुरून आल्याचा भास होतो. हा तांबट. भांडी घडविणाऱ्या कारागिरावरून त्याला हे नाव पडले. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांबे ठोकण्याचा आवाज आजही ऐकू येतो. इतर अनेक गावांतून कारागिराचा ठोका नाहीसा झाला आणि नाव तेवढे पक्ष्याकडे राहिले.

तांबट क्वचित दिसतो, पण रोज ऐकू येतो. शहरातील पक्षिजीवनाविषयी प्रथम लक्षात घ्यावयाची गोष्ट हीच होय. पक्षिनिरीक्षण म्हटले की दुर्बीण, महागडा कॅमेरा आणि दूरचे अभयारण्य डोळ्यांसमोर येते. घरांच्या दाटीत नजर चार-दोन इमारतींपलीकडे पोचत नाही आणि पानांच्या गर्दीत पक्षी लपून राहतात. कानाला मात्र भिंतीचा व पानांचा अडथळा तितकासा होत नाही. एका जागी दहा मिनिटे स्वस्थ उभे राहून ऐकणाऱ्यास आपल्या वस्तीत कोणते पक्षी राहतात, किती राहतात व कोणत्या झाडाच्या आश्रयाने राहतात याचा बराचसा अंदाज येतो. नगरपालिका, शाळा किंवा ग्रामपंचायत यांना विनाखर्च ठेवता येईल असा हा एक हिशोबच आहे.

लोकांच्या कानाने ठेवलेली नावे

आवाजावरून पक्षी ओळखण्याची रीत नवी नाही. टिटवीचे नाव तिच्या ओरडण्यातूनच आले आहे. मृगाच्या सुमारास ओरडणाऱ्या पक्ष्याला मराठी शेतकऱ्याने पावशा म्हटले आणि त्याच्या हाकेत ‘पेरते व्हा’ असा निरोप ऐकला. त्याच हाकेत हिंदी भाषकांस ‘पी कहाँ’ अशी विरहिणीची पृच्छा ऐकू आली, तर उन्हाने बेजार झालेल्या ब्रिटिश अंमलदारांना ‘ब्रेन फीव्हर’ हे शब्द ऐकू आले. पक्षी एकच, ऐकणाऱ्याच्या मनात जी चिंता असेल ती त्याच्या तोंडी घातली गेली. शिंपी, सुतार, धोबी, कोतवाल, तांबट ही नावे पाहिली म्हणजे गावगाडाच झाडावर जाऊन बसल्यासारखा वाटतो.

या छंदाला सरकारी नोकरांनी मोठा हातभार लावला आहे. साताऱ्यास १८५१ मध्ये जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात अधिकारी होते. १८८३ मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांविषयी त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. पुढे डॉ. सालिम अली व हुमायून अब्दुलअली यांनी १९३० नंतरच्या दशकात मुंबई व साष्टी येथील पक्ष्यांची पद्धतशीर नोंद केली. वनखात्यात सेवा केलेले मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची मराठी व लोकभाषांतील नावे गोळा करून पक्षिकोश सिद्ध केला; २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली व त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. फिरतीवर असणाऱ्या तलाठ्याला, ग्रामसेवकाला किंवा शिक्षकाला जितक्या जागा जितक्या वेळा पाहावयास मिळतात, तितक्या कोणा संशोधकाला क्वचितच मिळत असतील.

ओळख कशी करावी

आरंभी पाच-सहा आवाज नीट ओळखता आले तरी पुष्कळ झाले. कोकिळापासून सुरुवात करणे सोपे. ‘कुहूऽ’ अशी चढत जाणारी साद घालतो तो काळा नर. कोकिळा गाते हा समज साहित्याने रूढ केला असला तरी ठिपकेदार तपकिरी मादीचा आवाज निराळा आहे. ती ‘किक्-किक्-किक्’ असे घाईने ओरडते. कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात वाढतात. उंबर-पिंपळाची फळे आणि कावळे या दोहोंची शहरात वाण नसल्यामुळे कोकिळाचे येथे उत्तम चालते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितिदर्शक अहवालातही देशभर ज्यांची संख्या वाढत आहे अशा पक्ष्यांत कोकिळाची गणना झाली आहे.

दयाळ हा शहरातील खरा गवई होय. काळ्या-पांढऱ्या रंगाचा हा पक्षी मार्च ते जूनच्या सुमारास पहाटे अंधारातच गच्चीच्या कठड्यावर किंवा दूरदर्शनच्या जुन्या अँटेनावर येऊन बसतो व शीळ घालू लागतो. त्याच्या शिळेत आवर्तने बदलत राहतात; एकाच दयाळाचे गाणे अर्धा तास ऐकले तरी कंटाळा येत नाही. हाच पक्षी हिवाळ्यात मुका झाल्यासारखा असतो, अधूनमधून एखादा कर्कश सूर काढतो एवढेच. दाट झुडपातून ‘कूप्-कूप्-कूप्’ असा घुमणारा खोल आवाज आला तर तो भारद्वाज. अंगठ्याएवढा दिसणारा शिंपी मात्र आपल्या आकाराला न शोभेल इतक्या मोठ्याने ‘टुविट्-टुविट्’ करीत असतो. तारेवर बसलेला खंड्या उतरत्या स्वरात खिदळल्यासारखा ओरडतो. जवळपास तळे नसले तरी तो तेथे असू शकतो. संध्याकाळी दिवे लागले की जुन्या झाडाच्या ढोलीतून चिरकी बडबड सुरू होते ती पिंगळ्याची.

नवख्या माणसाची फसगत बहुधा खारीमुळे होते. झाडाच्या खोडावर शेपटी उडवीत ती ‘चिक्-चिक्-चिक्’ असा आवाज कितीतरी वेळ करीत राहते आणि ऐकणारा पानांत पक्षी शोधत बसतो. दुसरा फसविणारा कोतवाल. तो शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. भ्रमणध्वनीवर ‘मर्लिन’सारखी उपयोजने आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवितात. ती शिकण्यास उपयुक्त आहेत. पण यंत्राने दिलेले नाव सूचना म्हणून घ्यावे, नोंदवहीत ते पक्षी पाहिल्यावर किंवा जाणत्याकडून खात्री केल्यावरच उतरवावे. त्याच यंत्रावर पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे मात्र टाळावे. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून नर घरटे सोडून धावून येतो आणि त्याचा वेळ व शक्ती वाया जाते.

गाणे आणि हाक यांतील फरकही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गाणे विणीच्या हंगामातले, लांब व रचना असलेले असते. ते बहुधा नर गातो आणि त्यातून हद्दीवरील हक्क व जोडीदाराला आमंत्रण अशी दुहेरी वार्ता पोचते. हाक आखूड असते व ती वर्षभर चालते. तिच्यात सोबत्याला ठावठिकाणा कळविणे, पिलांना बोलावणे, धोक्याचा इशारा देणे असे व्यवहार असतात. बुलबुल, साळुंक्या, शिंपी आणि खार यांनी एकाच झाडावर एकदम कालवा मांडला तर तेथे शिक्रा, मांजर, साप किंवा दिवसा झोपलेला पिंगळा असण्याचा संभव मोठा असतो.

पहाट आणि गोंगाट

मनुष्याचे स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशी असते. पक्ष्याचे स्वरयंत्र नलिका जेथे दुभागून दोन फुप्फुसांकडे जाते त्या ठिकाणी असते. गाणाऱ्या पक्ष्यांत त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालू शकतात. दयाळाच्या शिळेतील चपळाईचे रहस्य पुष्कळसे येथे आहे.

पक्षी पहाटे अधिक का गातात याला अनेक कारणे दिली जातात. त्या वेळी भक्ष्य शोधण्यापुरता उजेड नसतो. वारा पडलेला असतो. रात्रभरात कोणाची जागा रिकामी झाली असेल तर ती हेरण्याचीही हीच वेळ असते. शहरात आणखी एका गोष्टीची भर पडते. रहदारी सुरू होण्यापूर्वीचा हा अखेरचा निवांत तास असतो. वाहनांच्या घरघरीचा जोर खालच्या पट्टीत असतो. त्यामुळे भारद्वाज, होला यांच्यासारखे खर्जातील आवाज आधी बुडतात. शिंप्याचा आवाज त्यातूनही तरून जातो.

या विषयावर परदेशांत झालेले अभ्यास उद्बोधक आहेत. नेदरलँड्समधील लायडन शहरात गोंगाटाच्या भागातील ग्रेट टिट पक्षी आपल्या गाण्यातील खालचे सूर उंचावून गातात असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. इंग्लंडमधील शेफील्ड येथे जेथे दिवसा गोंगाट फार, तेथील रॉबिन पक्षी रात्री गाऊ लागल्याचे २००७ मध्ये नोंदविले गेले. २०२० च्या साथीच्या काळात सॅन फ्रान्सिस्को येथे रहदारी ओसरली, तेव्हा तेथील एका जातीच्या चिमण्यांनी आवाज हलका केला. तरीही त्यांचे गाणे पूर्वीपेक्षा अधिक दूर पोचू लागले. भारतात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी झाली, तेव्हा पक्षी एकाएकी वाढले किंवा मोठ्याने गाऊ लागले असे मुंबई-पुण्यातील अनेकांस वाटले. दयाळ व कोकिळ यांचा तो गाण्याचाच हंगाम होता. ते दरवर्षी तसेच गातात. त्या वर्षी ते ऐकू आले.

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० व ४० आहे. डेसिबलचे मोजमाप साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होणे. नियमाच्या दृष्टीने रात्र १० वाजता सुरू होते व सकाळी ६ वाजता संपते. उन्हाळ्यात नागपूर-अमरावतीकडे पक्ष्यांचे पहाटगायन ६ वाजण्यापूर्वीच रंगात आलेले असते, म्हणजे त्याला रात्रीच्या मर्यादेचे संरक्षण आधीच लाभलेले आहे. शाळा व रुग्णालयांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात मोडू शकतो. शाळेच्या आवारात जुनी झाडे असतील तर रुग्ण व विद्यार्थी यांच्यासाठी केलेली तरतूद पक्ष्यांच्याही उपयोगी पडते. तिची अंमलबजावणी किती ढिली आहे, हे कोणत्याही शाळेच्या फाटकाशी पाच मिनिटे उभे राहिल्यास कळते.

झाड तोडले की काय थांबते

आवाज नाहीसा होण्याचे गोंगाट हे एक कारण. झाड जाणे हे त्याहून मोठे. गोंगाटात बुडालेला पक्षी निदान तेथे असतो.

पावसाळ्यापूर्वी वादळात फांद्या पडू नयेत म्हणून एप्रिल-मे महिन्यांत नगरपालिकांतर्फे छाटणीची मोहीम निघते. हेतू योग्यच आहे, वेळ मात्र अडचणीची आहे. कावळे, घारी, बुलबुल यांची घरटी त्या सुमारास झाडांवर असू शकतात आणि पाऊस लागताच बगळे, ढोकरी व रातबगळे यांच्या वसाहती रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांवर बसतात. अशा वेळी फांदी उतरविली की पिले खाली येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत संरक्षित पक्ष्यांची अंडी व घरटी विस्कटणे हेही येते, याची कल्पना छाटणीचे काम घेणाऱ्या ठेकेदारास क्वचितच दिलेली असते. धोक्याच्या फांद्या विणीपूर्वी थंडीतच हेरून काढणे आणि उन्हाळ्यातील काम अपरिहार्य तेवढेच ठेवणे हा यावर साधा उपाय आहे. कामाच्या आदल्या सकाळी झाडाखाली उभे राहून ऐकले तर पिलांची भुकेली चिवचिव लपत नाही.

वाळक्या फांदीविषयीही असेच. तांबट आणि सुतार मऊ पडलेल्या वाळक्या लाकडात ढोली कोरतात. त्यांनी सोडलेल्या ढोलीत पुढे साळुंकी, पोपट किंवा इतर पक्षी राहावयास येतात. रस्त्यावर पडण्याचा धोका असेल तेथे वाळकी फांदी काढलीच पाहिजे. बागेच्या कोपऱ्यात, तलावाकाठी, शाळेच्या मागील अंगणात ती राहू दिली तर कोणाचे बिघडत नाही. बाग नीटनेटकी दिसावी या हौसेपायी तांबटाचे घर जाते.

वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर तांबट, कोकिळ, राखी धनेश आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हे सर्व जगतात. काटेसावर, पांगारा व पळस फुलले की माघ-फाल्गुनात त्यांच्या मधावर पक्ष्यांची जत्रा भरते. नव्या लागवडीत या झाडांना अग्रक्रम असावा. तथापि देशी झाडांच्या आग्रहापोटी उभे असलेले पर्जन्यवृक्ष किंवा गुलमोहर तोडणे शहाणपणाचे नाही. पर्जन्यवृक्ष मूळचा अमेरिकेतला खरा. पण त्याच्या विस्तीर्ण फांद्यांवर घारी व बगळे संसार थाटतात. उजाड जागाही योग्य लागवडीने बोलू लागते याचे उदाहरण मुंबईत धारावीलगत आहे. कचरा टाकण्याच्या जागेवर तेथे झाडे वाढविण्यात आली व १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. मिठी नदीच्या काठचे हे रान आज पक्षी ऐकावयास जाण्याचे ठिकाण झाले आहे.

चिमणीची गोष्ट थोडी निराळी. ती सर्वत्र नाहीशी होत आहे असा समज पसरला आहे. २०२० च्या राष्ट्रीय अहवालाप्रमाणे देशभरात तिची संख्या साधारणपणे टिकून आहे. घट दिसते ती मोठ्या शहरांत. वाड्यांच्या वळचणी व भिंतींतील सांदी गेल्या, पिलांना भरविण्यास लागणारे किडे औषध मारलेल्या हिरवळीत मिळत नाहीत. नाशिकमधील एका संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिन जगभर पाळला जातो. त्या दिवशी लाकडी घरटी वाटली जातात, ते चांगलेच. त्याच्या जोडीला थोडे गवत व झुडूप राखले तर घरट्यातील पिलू जगेल. चौकात पोतेभर धान्य ओतण्याने यातील काही साधत नाही. त्याने पारवे तेवढे वाढतात. मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यामागे लोकांच्या आरोग्याचा प्रश्न होता.

नोंदवही

जैविक विविधता अधिनियम २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही एकदा तयार होऊन कपाटात गेली आहे. पक्ष्यांच्या पानावर नुसती नावे असतात. ते कोठे, कोणत्या महिन्यात, किती आढळतात याचा उल्लेख नसतो. नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या जतनासाठी १९७५ मध्ये झालेल्या राज्याच्या अधिनियमात दर पाच वर्षांनी वृक्षगणनेची तरतूद आहे. त्या गणनेत झाडाचा घेर व उंची लिहिली जाते. त्याच रकान्यांशेजारी झाडावर ढोली, घरटे किंवा पक्ष्यांची रात्रवस्ती आहे काय, एवढी एक नोंद वाढविली तर छाटणीच्या वेळी तिचा नेमका उपयोग होईल.

नोंद करावयाची ती अशी. गावात किंवा प्रभागात तीन-चार ठिकाणे कायमची ठरवावीत : एक जुने झाड, एक पाणवठा, एक वर्दळीचा चौक. महिन्यातून एकदा, सूर्योदयाच्या सुमारास, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे थांबून ऐकलेला प्रत्येक आवाज लिहावा. नाव ठाऊक नसेल तर आवाज जसा ऐकू आला तसा देवनागरीत उतरवावा. मराठी वर्णमाला या कामास फार सोयीची आहे. वारा, पाऊस व रहदारी यांचाही शेरा असावा, कारण ऐकू आला नाही आणि तेथे नव्हता यांत अंतर आहे. दोन-तीन वर्षांची अशी पाने एकत्र झाली म्हणजे एखाद्या झाडाविषयी वृक्ष प्राधिकरणापुढे हरकत घेताना भावनेच्या जोडीला तारीखवार पुरावा ठेवता येतो.

शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला आहे. चितमपल्ली व सालिम अली यांचे जन्मदिवस अनुक्रमे या दोन तारखांस येतात. मात्र नोव्हेंबरात कोकिळ गप्प असतो, दयाळ गात नाही आणि तांबटाचे ठोके विरळ झालेले असतात. त्या आठवड्यात ऐकण्यासारखे असतात ते उत्तरेकडून आलेले धोबी, झुडपांतील पाहुणे वटवटे आणि संध्याकाळी रात्रवस्तीवर जमणाऱ्या साळुंक्यांचा कल्लोळ. गाण्याचा हंगाम फाल्गुनात सुरू होतो, तेव्हा परीक्षा असतात. तो भरात येतो तेव्हा सुट्टी लागलेली असते. मधल्या काळात, मार्च-एप्रिलमध्ये, अनेक गावांत सकाळची शाळा भरते. सात वाजता भरणाऱ्या शाळेत प्रार्थनेपूर्वीची दहा मिनिटे वर्गाने आवारातील झाडाखाली काढली, तर तांबट, दयाळ, शिंपी, कोकिळ हे चौघे पहिल्याच आठवड्यात वहीत येतात.